जसंच्या तसं

मोहटोला, ता. मूल
३ जून २०२४

कय्यूमभाई,

नमस्कार. आमच्या मच्छिमार संस्थेच्या ऑफिसात तुम्ही २००६ साली बसवलेल्या कॉम्प्युटरला आता घरघर लागली आहे. चालू केला की बंडीच्या चाकासारखा कुरकुरतो आणि अर्ध्या तासानं झोपी जातो. जिल्ह्याच्या ऑफिसनं नवा दिला आहे. त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, पण त्याच्या पोटात आमचं काहीच नाही.

काम असं. जुन्यातले सगळे सभासद, त्यांचे वारस, कोणाला तलावाचा कोणता हिस्सा, हे सगळं नव्यात आणायचं, जिल्ह्याच्या नमुन्यात बसवायचं आणि ३० जूनच्या आत पाठवायचं. ती यादी तिकडे मंजूर झाली की तीच खरी. जुनी रजिस्टरं, जुना कॉम्प्युटर, सगळं रद्द. यादीत ज्याचं नाव, त्याचंच जाळं तलावात पडेल. बाकीच्यांनी काठावर बसून पाय धुवावेत.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मागच्या निवडणुकीत कोणा हरामखोरानं माझं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि पानठेल्यावर सगळ्यांना ऐकवलं. तेव्हापासून कामाचं मी कागदावरच बोलतो आणि काम झालं की कागद चुलीत घालतो. तुम्हीही तसंच करा. पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ दिलं तरी चालेल.

आणि एक. सगळं जसंच्या तसं आणायचं. तुम्हाला मध्येच शहाणपण सुचतं, ते या वेळी घरी ठेवा. हमालानं पोतं उचलावं, आत काय आहे ते त्यानं पाहू नये.

खुशाल
सचिव


मूल
८ जून २०२४

खुशालभाऊ,

नमस्कार. पत्र मिळालं, जुना-नवा दोन्ही कॉम्प्युटरही मिळाले. टेम्पोवाल्यानं जुना मासळीच्या टोपल्यांच्या मध्ये ठेवून आणला, त्यामुळे आमची हाजरा त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ देत नव्हती. शेवटी अंगणातच उघडला. हार्डडिस्क काढून नव्या मशीनला जोडली. वरच्याच्या मेहरबानीनं सगळं वाचता येतं आहे.

एक विचारायचं आहे, रागावू नका. मी लिहिलेल्या त्या जुन्या प्रोग्राममध्ये एखादं नाव काढलं तर ते पुसलं जात नाही. शाळेचे मास्तर हजेरीपटावर पेन्सिलीनं रेघ मारतात, तशी नावापुढे फक्त एक खूण पडते. जुना प्रोग्राम ती खूण पाहून नाव लपवायचा, म्हणून तुम्हाला वाटलं की नाव गेलं. नव्या कॉम्प्युटरला ती खूण समजतच नाही. त्याला सगळी नावं सारखी. तुम्ही सभासद १४१ सांगता, मला इथे १८४ दिसतात.

ही ४३ नावं गाळू की आणू? एकदा मूलला येऊन माझ्याजवळ बसून पाहाल तर बरं होईल. मी माझ्या मनानं एकही नाव ठेवणार नाही आणि काढणार नाही.

कय्यूम शेख


मोहटोला
१२ जून २०२४

कय्यूमभाई,

तुमच्या पत्राचा हजेरीपटापर्यंतचा भाग वाचला आणि ठेवून दिलं. पुढचं वाचायला माझ्याजवळ रिकामा वेळ नाही. तुम्ही मास्तर व्हायचे, चुकून कॉम्प्युटरवाले झालात. तुमचा दानिश बापाचं दुकान टाकून हैदराबादला का पळाला ते आता समजलं. पोरानं पाणी मागितलं तरी बाप आधी विहिरीचा इतिहास सांगत असेल.

जसंच्या तसं म्हणजे जसंच्या तसं. जेवढं आहे तेवढं सगळं आणा, एक अक्षरही सोडू नका. पुन्हा सवाल आला तर आमच्या संस्थेचंच नाही, माझ्या शब्दावर तुम्हाला मिळालेल्या बाकीच्या तीन संस्थांचं कामही त्या सरफराजच्या नव्या दुकानात जाईल. तो एका दिवसात करून देतो म्हणतो, आणि तोंड बंद ठेवून करतो.

खुशाल


मूल
२१ जून २०२४

खुशालभाऊ,

काम झालं. नवा कॉम्प्युटर आणि यादीची तेवीस पानं टेम्पोनं पाठवत आहे. तुम्ही लिहिल्याप्रमाणे जेवढं होतं तेवढं सगळं आणलं. नावं १८४. प्रत्येक पानावर तुमची सही लागेल. सही करण्याआधी यादी वाचा, ही माझी दुसरी विनंती. तिसऱ्यांदा करणार नाही.

तुमचं १२ तारखेचं पत्र मी चुलीत घातलेलं नाही. हाजरानं सध्या गॅस घेतला आहे.

कय्यूम शेख


मोहटोला
१९ सप्टेंबर २०२४

कय्यूम,

मंजूर यादी काल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. सगळं गाव पोट धरून हसून राह्यलं आहे. डोमा मरून नऊ वर्षं झाली, तो सभासद नंबर १७. त्याच्या खाली त्याचा बाप, तो कधी मेला ते तर मला आठवतही नाही. पानठेल्यावर एकानं विचारलं, "काऊन जी सचिवसाहेब, यमाच्या इथी बी आपली शाखा काढली का?" तेवीस पानांवर तेवीस सह्या माझ्या. सही करायच्या दिवशी तहसीलची मीटिंग होती, गाडी बाहेर उभी होती, मी पानं उलटत गेलो आणि सह्या मारत गेलो.

मेलेल्यांचं मला काही नाही. मृत्यूचे दाखले जोडले की ते निघतात. पण त्यांच्यासोबत दोन जिवंत वर आले आहेत. एक झाडू, ज्याला मी भांडणावरून काढलं होतं. दुसरी रंभा, माझ्या मेलेल्या भावाची, गोपालची बायको. ऑफिसवाले म्हणतात, जिवंत माणसाचं नाव आता आम्हालाही काढता येत नाही. त्यानं स्वतः 'मी स्वखुशीने राजीनामा देतो' असं लिहून सही करावी, तीही ३१ जानेवारीच्या आत. नाही तर पाच वर्षं नाव पक्कं.

रंभाचं नाव राहिलं तर गोपालचा हिस्सा तिच्या आणि तिच्या पोरीच्या हातात जाईल. तलावाचा खालचा हिस्सा आहे तो, उन्हाळ्यातही पाणी राहतं. अकरा वर्षं तो मी खातो आहे, तुला लपवून काय करू. ते नाव तू आणलं, तूच काढ.

खुशाल


मूल
२३ सप्टेंबर २०२४

खुशालभाऊ,

यादी आता माझ्या दुकानात नाही, जिल्ह्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तिथे माझा हात पोचत नाही. तुम्ही हमाल म्हटलं होतं, हमालानं पोतं पोचवून दिलं.

राहवत नाही म्हणून लिहितो. नावं आणताना त्यांच्या तारखाही दिसल्या. गोपाल ११ जुलै २०१३ ला तलावात बुडाला. तुमच्या रीतीप्रमाणे तेरवीला पंचांसमोर त्याचं जाळं रंभाबाईच्या हातात दिलं. जाळं ज्याच्या हातात, नाव त्याचं. त्याच दिवशी, २३ जुलैला, वामनराव कारकुनानं तिचं नाव चढवलं. आणि २४ ला त्या नावावर खूण पडली. म्हणजे बाई एक दिवस सभासद होती. तिला मात्र तुम्ही सांगितलं की बाईमाणसाचं नाव लागतच नाही, अर्ज वरून परत आला.

ती मूलच्या बाजारात बसायची तेव्हा हाजरा तिच्याकडूनच मासळी घ्यायची. मोजून दिल्यावर एक मासोळी वर टाकायची बाई. नंतर पोरीला घेऊन माहेरी कुरखेड्याकडे निघून गेली. आता वरच्यानं नाव परत आणलं आहे, तर राहू द्या. तुमच्या घरी काही कमी नाही.

कय्यूम शेख


मोहटोला
२७ सप्टेंबर २०२४

कय्यूम,

तारखा दिसल्या, वा. तारखेच्या बाजूला कोणाचं नाव होतं ते दिसलं नाही का? की तेवढ्यापुरता चष्मा काढून ठेवला होता?

तू विसरला असशील तर मी आठवण देतो. नाव काढायचा पासवर्ड वामनरावाजवळ नव्हता, माझ्याजवळही नव्हता. तो फक्त तुझ्याजवळ होता, कारण तुला कोणाचा भरवसा नव्हता. २४ जुलैला मी निरोप पाठवला आणि तू भर पावसात मोटरसायकलवर आलास. माझ्या घरी जेवलास. झिंग्याची भाजी दोनदा मागून घेतलीस. मग ऑफिसात बसून तूच बटण दाबलंस. बाईनं लिहून दिलं आहे का, एवढंही विचारलं नाहीस. मी तर मागे नुसता उभा होतो. चौकशी लागली तर कॉम्प्युटर कोणाचं नाव सांगेल? आणि कय्यूम शेख नावाच्या माणसानं विधवेचं नाव काढलं, हे गावात वाचून दाखवलं तर लोक तुझं दुकान कसं सोडतील ते तुला मी सांगायला नको. वामनराव तर साक्षीला उरला नाही.

झाडूचा अंगठा मला एका कोंबडीत मिळेल. रंभाला मी माझ्या पद्धतीनं लिहितो. पण तिचा माझ्यावर विश्वास नाही, तुझ्यावर आहे. राजीनाम्याचा कागद तू टाईप कर, मागे तुझ्या दुकानाचा पत्त्यासहित शिक्का मार आणि मला पाठव. तिनं तुला काही विचारलं तर काय लिहायचं हे तुला समजतं. हजेरीपटाची गोष्ट सांगू नको.

खुशाल


मोहटोला
२ डिसेंबर २०२४

रंभास,

खुशालचा आशीर्वाद. गोपाल गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, याचं मला वाईट वाटतं. संसाराच्या रगाड्यात राहून गेलं. आचल आता मोठी झाली असेल. तिच्या लग्नाचं पाहत असशील तर तिचा मोठा काका जिवंत आहे हे विसरू नको.

एक छोटं काम आहे. संस्थेचा जुना कॉम्प्युटर नव्यात नेताना मूलच्या कय्यूम शेखच्या हातून गडबड झाली. मेलेली, गेलेली नावं यादीत घुसली, त्यात तुझंही आलं. नुसतं आलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण तुला निराधारचे पैसे मिळतात ना? आता सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले आहेत. संस्थेच्या यादीत नाव दिसलं की तुला कमाई आहे असं सरकार धरतं, आणि पैसे बंद. मागचेही परत मागतात. कुरखेड्याकडे दोन बायांचं असं झालं म्हणतात, तू ऐकलं असशील.

तुझ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून कागद तयार करून पाठवला आहे. खाली सही कर आणि परत पाठव. पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. ३१ जानेवारीच्या आत झालं पाहिजे. तुझ्यासाठी तुझी जाऊ नेहमी डोळ्यातून पाणी काढते.

खुशाल


कुरखेडा
११ डिसेंबर २०२४

कय्यूमभाई,

रंभाचा नमस्कार. मोहटोल्याची रंभा, मूलच्या बाजारात टोपली घेऊन बसत होती ती. तुमचा फोन नंबर माझ्याजवळ नाही. भाऊजींनी, म्हणजे खुशालभाऊंनी, पाठवलेल्या कागदाच्या मागे तुमच्या दुकानाचा पत्ता दिसला, म्हणून लिहीत आहे. माझं शिक्षण सातवीचं, चुकलंमाकलं समजून घ्या.

भाऊजी म्हणतात, माझं नाव तुमच्या हातून चुकून यादीत आलं आणि सही करून दिली नाही तर निराधारचे पैसे बंद होतील. आचल म्हणते, "आई, कॉम्प्युटरमंधी नाव नसन तर येईन कुठून? मले समजून नाई राह्यलं." मलाही समजत नाही.

तुम्हाला सगळं मोकळं सांगते. आचल वीस वर्षांची आहे. तिनं मागच्या साली मत्स्यबीज वाढवायचं ट्रेनिंग घेतलं, सर्टिफिकेट आहे. संस्थेत नाव असेल तर गोपालच्या खालच्या हिस्स्यात आम्ही दोघी बीज टाकू शकतो, ती म्हणते दोन वर्षांत पाय रोवता येतील. नाव नसेल तर जानेवारीत तिला मुकादमासोबत तेलंगणात मिरची तोडायला जावं लागेल. गेल्या साली गेली होती. परत आली तेव्हा आठ दिवस तिला भात हातानं खाता येत नव्हता, मी भरवत होते. आणि तिकडे रात्री झोपायला बायांना उघडी जागा असते, ते मी लिहीत नाही.

पण निराधारचे पैसे गेले तर माझं औषध जाईल. एवढ्या मोठ्या गोष्टीत मी कोणाचं ऐकू? भाऊजींचं ऐकायला मन होत नाही. तुम्ही नाव आणलं, म्हणजे ते खरं की खोटं हे तुम्हालाच माहीत. तुम्ही कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलं नाही. हाजराभाभी म्हणायच्या, आमचे हे वजनात गुंजभर फरक पडला तर परत फिरून येतात.

दोनच शब्द लिहा. नाव चुकून आलं असेल तर मी सही करते. माझं खरं असेल तर आम्ही दोघी मोहटोल्याची गाडी धरतो. तुमच्या शब्दापुढे मी कोणाचं ऐकणार नाही.

रंभा


मूल
२८ डिसेंबर २०२४

रंभाबाई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, माफ करा. हाजराची तब्येत बरी नव्हती. डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. ती तुमची आठवण काढते. तुमच्यासारखी मासळी आता बाजारात मिळत नाही, असं म्हणते.

तुम्ही विचारलं त्याबद्दल. नाव चुकून आलं आहे. जुन्या कॉम्प्युटरमधून नव्यात आणताना माझ्या हातून झालेली ती चूक आहे. पूर्ण माझीच. तुमचं नाव संस्थेत कधी लागलेलं नव्हतं. निराधारच्या बाबतीत खुशालभाऊ म्हणतात तो धोका आहे. सही करून पाठवून द्यावी.

आचलबेटीला ट्रेनिंगबद्दल शाबासकी. हुशार मुलगी आहे, कुठेही जागा करेल. तिकडे सांभाळून राहायला सांगा.

तुम्ही माझ्यावर एवढा भरवसा ठेवला, त्याबद्दल काय लिहावं समजत नाही.

कय्यूम शेख


कुरखेडा
१४ जानेवारी २०२५

कय्यूमभाई,

रंभाचा नमस्कार. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी सही केली आणि कागद भाऊजींना पाठवला. काल त्यांचा निरोप आला की ऑफिसात जमा झाला. एक घोर मिटला.

खरं सांगते, सही करताना हात थोडा थांबला होता. पंधरा दिवस आम्ही दोघींनी उगाच मनात तलाव बांधला होता. आचलनं कोणत्या कोपऱ्यात बीज टाकायचं, कुठे जाळी लावायची, सगळं वहीत काढलं होतं. ती ऐकतच नव्हती. म्हणे, "आई, हा काकाचा डाव हाय. मले मोहटोल्याले जाऊन विचारू दे. दोन दिवसानं सही केली तर का बिघडते?" मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तर म्हणे, "हा बी त्याचाच माणूस असन."

कय्यूमभाई, तेव्हा मी तिच्या थोबाडीत मारली. एवढ्या मोठ्या पोरीच्या. गोपाल गेल्यापासून मी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. मी म्हटलं, "ज्या माणसानं आपली चूक आपल्या हातानं लिहून देली, त्याले तू नाव ठेवतं? तुह्या काकानं कधी असं लिहून देलं का?" तिनं वही चुलीत टाकली आणि कपडे भरले. सोमवारी मुकादमाची गाडी आली, त्यात बसून गेली. मी डबा दिला तो घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. पोचल्याचा फोन अजून आला नाही. तिकडे रेंज नसते म्हणतात.

भाऊजींना मी कागदासोबत दोन ओळी लिहिल्या आहेत, की कय्यूमभाईंना रागावू नका, चूक कोणाकडूनही होते, कबूल करणारा माणूस मोठा. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. हाजराभाभींच्या डोळ्यांचं लवकर करून घ्या, उशीर करू नका.

आचल मार्चमध्ये परत आली की तिला घेऊन मूलला येते. तुमच्याबद्दल ती जे बोलली, त्याची तिनं तुमच्यासमोर उभं राहून माफी मागितली पाहिजे. मी मागायला लावीन.

रंभा